अग्रमंदिरा : बोटीच्या नाळेकडील खोली

भोपाळातील तात्या टोपे नगरचा जवाहर चौक आणि समुद्रावरील बोटीतली खोली यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. या चौकापासून मुंबईचा किनारा आगगाडीच्या वाटेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. जवळचे मोठे पाणी म्हणावयाचे तर ते मोठ्या तलावाचे. आणि त्या तलावावरील सहलीची क्रूझ व मोटारबोटी बंद कराव्यात, असा आदेश राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2023 साली दिला. तथापि समुद्रापासून दूर राहणाऱ्यालाच समुद्राचे अप्रूप अधिक असते. रत्नागिरीचा मनुष्य बोटीच्या प्रवासाचे नाव काढताच प्रथम हवा कशी आहे ते विचारील. भोपाळचा मनुष्य प्रथम विचारील की, खिडकीतून काय दिसते?

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील पुष्कळ मराठी कुटुंबे फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आली. ग्वाल्हेर आणि इंदूरकडूनही काही आली. त्यांची दुसरी पिढी आता निवृत्त झाली आहे आणि तिसरी पुण्यास, मुंबईस किंवा परदेशी नोकरी करते आहे. ही तिसरी पिढी आईवडिलांना पूर्वीसारखी काशी-रामेश्वराची तिकिटे काढून देत नाही. ती त्यांना क्रूझवर पाठविते. 2021 सालच्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागली, तेव्हापासून तर हा विचार मध्यमवर्गीय घरांतूनही होऊ लागला.

समजा, जवाहर चौकात राहणारे असेच एक निवृत्त दांपत्य आहे. मुलाने पुण्याहून दूरध्वनीवर बोटीचा नकाशा पाठविला आहे आणि खोली कोणती घ्यावी ते उद्यापर्यंत कळवा, असे सांगितले आहे. नकाशात बोटीच्या अगदी पुढच्या टोकास, वरच्या मजल्यावर, समोर तोंड केलेली एक ऐसपैस खोली आहे. तिचे भाडे मधल्या साध्या खोलीच्या कितीतरी अधिक. गृहस्थ हरखून जातात. "घ्यावयाची तर हीच घ्यावयाची. कप्तानाला जे दिसते ते आपल्यालाही दिसेल." त्यावर त्यांच्या पत्नी म्हणतात, "अहो, पचमढीच्या घाटात मला गाडी लागते. तुमच्या कप्तानाला काय दिसते, ते तुम्हीच बघा!"

या दोघांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहता हा प्रश्न चार पैशांचा आणि थोड्या हौसेचा दिसतो. परंतु खोली चुकीची निवडली गेली, तर त्या बाईंचे सहलीचे दोन दिवस अंथरुणात जावयाचे. आणि पुढच्या खोलीत राहणाऱ्याच्या हातून एक लहानशी गोष्ट चुकली, तर तिचा संबंध बोटीपुढील काळोखात जाळी टाकून बसलेल्या कोळ्यांपर्यंत पोहोचतो. तो कसा, ते ओघाने येईलच.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. अशा मोठ्या खोलीस इंग्रजीत जो शब्द आहे, तो आपल्याकडे कोणी 'सूट' असा लिहितात, कोणी 'स्वीट'. जवाहर चौकातील दुकानावर 'सूट' अशी पाटी असली, तर किंमत कमी झाली असे गिऱ्हाईक समजते. बोटीवर मात्र तोच शब्द दिसला की किंमत वाढली असे समजावे. बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागाला कोकणातले तांडेल 'नाळ' म्हणतात. तेव्हा आपण ज्या खोलीविषयी बोलत आहो ती नाळेकडील खोली. तिच्यासाठी याहूनही जुने आणि गोड नाव आपल्या परंपरेत आहे, आणि त्याचा धागा, योगायोगाने म्हणा, भोपाळच्याच मातीशी जुळतो.

मोठा तलाव ज्याने बांधविला असे परंपरा मानते, आणि ज्याच्या नावावरून 'भोजपाल' व पुढे 'भोपाळ' झाले असे अनेक जण सांगतात, तो अकराव्या शतकातील धारचा परमार राजा भोज. 2011 साली या तलावाच्या काठी त्याचा भव्य पुतळा उभारण्यात आला. गावच्या विमानतळासही त्याचेच नाव आहे. या भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभार, रत्ने, शस्त्रे, घोडे अशा नाना विषयांबरोबर त्यात नौकांचेही प्रकरण आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौकानयनाच्या इतिहासावर 1912 साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या प्रकरणाचा विस्ताराने परामर्श घेतलेला आहे. नौकेच्या मुखाला सिंहाचा आकार द्यावा की हत्तीचा, मोराचा द्यावा की पोपटाचा. चार डोलकाठ्यांच्या नौकेला कोणता रंग द्यावा आणि एका डोलकाठीच्या नौकेला कोणता, इथपर्यंत त्यात विचार आहे. आणि त्यात नौकांचे एक वर्गीकरण त्यांच्यावरील खोल्या कोठे आहेत यावरून केलेले आहे.

ज्या नौकेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोल्या आहेत ती सर्वमंदिरा. राजाचा खजिना, घोडे आणि स्त्रिया यांच्या वाहतुकीसाठी ती योग्य. (या तिन्हींची गणना एकाच ओळीत का केली असावी, हे श्रोत्यांतील भगिनींनी ग्रंथकारालाच विचारावे.) जिच्या मधल्या भागात खोल्या आहेत ती मध्यमंदिरा. राजांच्या विलासयात्रेसाठी, आणि पावसाळ्यासाठीही, ती चांगली. आणि जिच्या खोल्या नाळेकडे आहेत ती अग्रमंदिरा. पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या ऋतूत, लांबच्या प्रवासाला आणि जलयुद्धाला ती योजावी.

हे वाचून आश्चर्य वाटते. माळव्याच्या पठारावर, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या राजाच्या नावावरील हा ग्रंथ पुढच्या खोलीचे मर्म नेमके सांगून जातो. पुढची खोली सहलीसाठी आहे असे तो म्हणत नाही. सहलीसाठी तो मधली खोली सांगतो. पुढची खोली त्याच्या लेखी कामाची आहे: ज्याला दूर जावयाचे आहे किंवा ज्याला शत्रूवर नजर ठेवावयाची आहे, त्याने पुढे राहावे, आणि तेही समुद्र शांत असताना.

पाश्चात्य बोटींचा इतिहासही फार निराळा नाही. शिडांच्या जहाजांवर कप्तान आणि अधिकारी पिछाडीस राहत. नाळेच्या पोटातली अंधारी, ओलसर, सतत आदळणारी जागा ही खलाशांची. वाफेच्या बोटी आल्या तरी आरंभी पहिल्या वर्गाची व्यवस्था मागेच असे. 1871 साली व्हाइट स्टार कंपनीच्या 'ओशनिक' या बोटीने पहिला वर्ग उचलून मध्यभागी आणला. आणि एकदा मध्यभागाचे सुख कळल्यावर श्रीमंत प्रवासी तेथून हलेनात. 1912 साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर पहिला वर्ग मध्यभागीच होता. तिसऱ्या वर्गाचे एकटे पुरुष नाळेकडे, आणि कुटुंबे व एकट्या स्त्रिया पिछाडीस, अशी वाटणी होती. ज्या जागेसाठी आज सर्वांत अधिक पैसे मोजावयास लोक तयार आहेत, ती शंभर वर्षांपूर्वी ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याच्या वाट्याला येत असे. फरक एवढाच की तो पाण्याच्या पातळीजवळ झोपत असे, आणि आजचा प्रवासी आठव्या-नवव्या मजल्यावर झोपतो. मजला बदलला; नाळ मात्र तीच राहिली.

नाळेवर असे काय आहे की पूर्वीचे लोक ती टाळीत? तर बोटीची चाल. लाटांवर बोट अनेक प्रकारे हलते. त्यांपैकी दोन हालचाली प्रवाशाला प्रामुख्याने जाणवतात. एक, डावीकडून उजवीकडे कलणे. दुसरी, नाळ वर आणि पिछाडी खाली, मग पिछाडी वर आणि नाळ खाली, अशी. दुसऱ्या हालचालीस मुलांच्या सी-सॉची उपमा चांगली लागू पडते. मधोमध बसलेल्या मुलाला फारसे काही होत नाही; टोकावरचे मूल वर उडते आणि खाली आपटते. 'एम्प्रेस'सारख्या बोटीची लांबी सुमारे 211 मीटर आहे. म्हणजे मध्यापासून नाळ शंभर मीटरांवर. बोटीची नाळ केवळ एक अंश वर उचलली गेली, तर नाळेवरचा मनुष्य जवळजवळ पावणेदोन मीटर वर जातो. आणि एक अंश खाली गेली तर तितकाच खाली. वरपासून खालपर्यंत हिशेब केला तर घराचा एक संपूर्ण मजला झाला, आणि तोही काही सेकंदांत. एक अंश म्हणजे फार नव्हे. भिंतीवरची तसबीर एक अंशाने तिरकी झाली तर घरातल्या फार थोड्यांच्या ते लक्षात येईल. पोटाच्या मात्र ते चटकन लक्षात येते.

आता कोणी म्हणेल, हल्लीच्या बोटींना पंख असतात, त्या हलत नाहीत. हे अर्धे खरे आहे. बोटीच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली बाहेर येणारे पंख ही मोठी सोय होय. पी. अँड ओ. कंपनीच्या 'चुसान' या बोटीवर 1950 साली ते बसविण्यात आले, तेव्हा मोठ्या प्रवासी बोटींच्या जगात त्याचा बराच बोलबाला झाला. परंतु हे पंख बोटीचे डावे-उजवे कलणे आवरतात. नाळेची वरखाली होणारी चाल आवरणे त्यांच्या आवाक्यातले नाही. तेव्हा पंखांचा लाभ मधल्या आणि बाजूच्या खोल्यांना जितका, तितका नाळेकडील खोलीस नाही. माहितीपत्रकात पंखांचा उल्लेख ठळक असतो. हा दुसरा भाग मात्र तेथे शोधूनही सापडत नाही.

मराठीत 'गाडी लागते' तशी 'बोट लागते'. हा प्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. ठेच लागावी, ऊन लागावे, तशी बोट लागते. तिच्यात प्रवाशाचा दोष काही नाही. कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये सांगतात की शरीर हलते आहे. डोळे खोलीच्या स्थिर भिंती पाहून सांगतात की काही हलत नाही. या दोन साक्षींचा मेळ बसेना की मळमळ सुरू होते. म्हणूनच क्षितिजाकडे पाहात राहिल्याने बरे वाटते. तेथे डोळ्यांना कानांचे म्हणणे पटते. या दृष्टीने पुढच्या खिडकीची बाजू थोडीशी वरचढ ठरते, हे मान्य केले पाहिजे. दिवसा तिच्यातून क्षितिज सतत समोर असते. परंतु रात्री क्षितिज नसते, आणि नाळ मात्र वरखाली होतच असते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी मध्यभागी, आणि शक्य तो खालच्या मजल्यावर, खोली घ्यावी. आल्याचा तुकडा, आवळासुपारी जवळ ठेवावी. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती मळमळ सुरू होण्याच्या आधी घ्यावी, नंतर नव्हे.

ऋतूचे महत्त्व याहूनही अधिक. कोकणच्या आगबोटींचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना पावसाळ्यात बंदरे बंद होत आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा मोकळा होई, हे सांगावयास नको. त्या काळी डेकवरच्या प्रवाशांना खोली नव्हतीच. वळकटी कोठे पसरावी एवढाच प्रश्न असे, आणि जाणती माणसे ती मध्याकडे सरकून पसरीत. भोजाच्या ग्रंथातील कोरड्या ऋतूची अट आजही तितकीच लागू आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत कोकणचा समुद्र बहुधा सौम्य असतो. त्यातही एक बारकावा आहे. या दिवसांत दुपारनंतरचा वारा वायव्येकडून येतो. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो, आणि परत येताना तोंडावर. जाताना ज्याला पुढची खोली पाळण्यासारखी वाटली, त्याला येताना तिचा थोडा निराळा अनुभव येतो.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर सज्जाविषयी सांगितले पाहिजे. नाळेकडील खोलीस कधी सज्जा असतो, कधी नुसती मोठी, बंद, जाड काचेची खिडकी असते. चित्रात सज्जात दोन खुर्च्या, मधे चहाची किटली आणि एक हसरे जोडपे दिसते. बोट तासाला 18 सागरी मैलांच्या वेगाने जात असेल, तर वाऱ्याचा पत्ता नसलेल्या दिवशीही त्या जोडप्याच्या तोंडावर तासाला 33 किलोमीटरांचा वारा येणार. समोरून 15 सागरी मैलांचा वारा असेल, तर दोन्ही मिळून तो साठाच्या वर गेला. त्यात किटलीचे झाकण राहात नाही; सकाळचे वर्तमानपत्र तर नाहीच नाही. म्हणून कित्येक बोटींवर पुढच्या सज्जाचे दार वारा वाढताच बंद ठेवावयास सांगतात. काही ठिकाणी सज्जाचा कठडा काचेचा नसून पोलादी असतो, आणि आरामखुर्चीवर बसल्यास समुद्राऐवजी रंगवलेला पत्रा दिसतो. बाजूच्या सज्जात ही अडचण फार कमी. तेथे वारा घासून जातो, आदळत नाही.

परंतु या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ती रात्रीची आहे.

बोट जेथून चालविली जाते त्या कक्षाला खलाशी 'ब्रिज' म्हणतात. तो पुढच्या बाजूस उंचावर असतो, आणि नाळेकडील खोल्या बहुधा त्याच्या खाली किंवा लगतच्या मजल्यांवर असतात. रात्री या कक्षात जवळजवळ काळोख ठेवतात. यंत्रांचे दिवे मंद केलेले असतात. नकाशाच्या मेजावरही अगदी अंधुक उजेड. कारण माणसाचा डोळा अंधाराला पूर्णपणे सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एका झगझगीत दिव्याने ती कमाई क्षणात जाते. रडार आहे, इतर यंत्रे आहेत, सर्व खरे. तथापि समुद्रावरील टक्कर टाळण्याविषयीचे जे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून अमलात आले, त्यांचा पाचवा नियम आजही प्रत्येक जहाजाला डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवावयास सांगतो. आणि विसावा नियम सांगतो की, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत टेहळणीत व्यत्यय आणील असा कोणताही दिवा जहाजावर दिसता कामा नये.

आता नाळेकडील खोलीतील प्रवासी काय करतो? जेवून खोलीवर येतो, सगळे दिवे लावतो, आणि एवढे पैसे दिले आहेत म्हणून पडदे उघडे ठेवून काचेपाशी उभा राहतो. त्याला स्वतःच्या प्रतिबिंबाशिवाय काही दिसत नाही. परंतु त्याच्या खिडकीतला उजेड पुढच्या डेकवर, कठड्यांवर आणि उडणाऱ्या तुषारांवर पडतो, आणि वरच्या काळोख्या कक्षातल्या टेहळ्याच्या डोळ्यांपुढे धुके उभे करतो. म्हणून अशा खोल्यांमधून सूर्यास्तानंतर पडदे पूर्ण ओढून घ्यावेत, अशी सूचना लावलेली असते. पुष्कळांना ती हॉटेलातल्या इतर सूचनांसारखी वाटते: टॉवेल कोठे टाकावा, चप्पल कोठे ठेवावी, त्यांतलीच एक. ती तशी नव्हे.

कोकणचा किनारा रात्री ओस नसतो. अलिबाग, मुरूड, हर्णै, मालवण येथल्या कोळ्यांच्या होड्या आणि मच्छीमारी नौका जाळी टाकून किंवा ओढीत असतात. कित्येक होड्या लाकडाच्या किंवा फायबरच्या. रडारच्या पडद्यावर त्यांचा ठिपका लाटांच्या गर्दीत हरवू शकतो. त्यांच्यावर एखादा मिणमिणता दिवा असतो. कधी तोही विझलेला असतो. तासाला 18 सागरी मैलांनी जाणारी बोट एका मिनिटात अर्ध्या किलोमीटराहून अधिक अंतर कापते, आणि एवढ्या मोठ्या धुडाला वळावयास व थांबावयास जागा लागते. टेहळ्याला तो मिणमिणता दिवा एक मिनिट आधी दिसला की एक मिनिट उशिरा, यावर त्या होडीतल्या चार माणसांचे भवितव्य अवलंबून असू शकते. भोजाच्या ग्रंथात अग्रमंदिरा जलयुद्धासाठी सांगितली आहे ती पुढे पाहणाऱ्यांना पुढे बसविण्यासाठी. आजच्या बोटीवर पाहण्याचे ते काम वरच्या मजल्यावर गेले आहे. खाली राहणाऱ्याकडे फक्त अंधार राखण्याचे काम उरले आहे. नाळेची खोली घेणाऱ्याने ते काम भाड्याबरोबरच पत्करले, असे समजावे.

यावरून हिशेबाचाही एक मुद्दा निघतो, आणि निवृत्त सरकारी नोकराला तो पटावा. मुंबईहून गोव्यास जाणारी बोट बहुधा तिसऱ्या प्रहरी किंवा सायंकाळी सुटते. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बंदराबाहेर पडताना उजवीकडे कुलाब्याच्या टोकावरचा 1875 सालचा प्राँग्ज दीपस्तंभ आणि डावीकडे खांदेरी-उंदेरी दिसतात न दिसतात तोच पडदे ओढण्याची वेळ होते. सकाळी पडदे उघडावे तो गोवा जवळ आलेला. बोट धक्क्याला लागली की पुढच्या खिडकीतून धक्का, गोदामे आणि क्रेन यांचे दर्शन होते. म्हणजे दोन रात्रींच्या सहलीत पुढच्या खिडकीचे खरे तास फार थोडे, आणि पैसे मात्र चोवीस तासांचे. प्रवास आठ-दहा दिवसांचा असेल, त्यात दिवसभर चालत राहण्याचे दिवस असतील, तर हा हिशेब बदलतो. लांबच्या प्रवासाला अग्रमंदिरा, हे येथेही खरे ठरते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. नांगराची साखळी नाळेतूनच सुटते. पहाटे तिचा खडखडाट खालच्या मजल्यावरच्यांना झोपू देत नाही. धक्क्याला लागताना नाळ बाजूस ढकलणारे पंखे पुढेच असतात, त्यांची घरघर निराळी. पुष्कळ बोटींवर नाटकगृहही पुढच्या बाजूस असते, आणि भोजनगृह पिछाडीला. तेव्हा गुडघे दुखणाऱ्याने दिवसातून तीनदा दोनशे मीटरांची वाट मनात मोजून ठेवावी. मधली खोली या दृष्टीनेही बरी.

इतके सर्व सांगितल्यावर नाळेकडील खोलीची कोणी निंदाच करीत आहे, असे मात्र समजू नये. बाजूच्या खिडकीतून समुद्र मागे सरकताना दिसतो. पुढच्या खिडकीतून तो जवळ येताना दिसतो, आणि या दोन दृश्यांत मोठे अंतर आहे. पंचवीस मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 18 किलोमीटरांवर असते. पाण्याजवळच्या खिडकीतून, चार मीटरांवरून, ते सातच किलोमीटरांवर. वरच्या पुढच्या खोलीतला मनुष्य अर्ध्या तासानंतर बोट जेथे असेल ती जागा आत्ता पाहात असतो. एखादे बेट प्रथम ढगासारखे दिसावे, मग त्यावर माड उगवावेत, मग त्या माडांखाली पांढरी रेती उमटावी, हा क्रम समोरूनच पाहावा. गोव्याच्या तोंडाशी बोट पूर्वेकडे वळते तेव्हा डावीकडे आग्वाद, मधे मांडवी आणि जुवारी यांना वेगळे करणारे काबोचे टोक, आणि उजवीकडे मुरगावची टेकडी, अशी सर्व रचना एका दृष्टिक्षेपात येते. किनाऱ्यावर वाढलेल्यालाही ते दृश्य नवे असते. ज्याने जन्मभर पाणी म्हणजे मोठा तलाव एवढेच पाहिले, त्याला त्याची ओढ वाटली तर ती समजण्यासारखी आहे.

भोपाळकरांचा बोटींशी संबंध तसा जुनाही आहे. 1912 साली 'पंजाब लिमिटेड' म्हणून जी गाडी सुरू झाली, ती आजची पंजाब मेल. आरंभी ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरूनच सुटत असे. विलायतेहून बोटीने आलेली टपाल आणि साहेबलोक घेऊन ती इटारसी, आग्रा, दिल्लीमार्गे पेशावरास जाई. त्या काळी पी. अँड ओ.च्या प्रवाशांना चिंता असे ती तांबड्या समुद्रातल्या उष्म्याची, नाळेची नव्हे. विलायतेहून येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची खोली थंड, असा समज होता, आणि त्यातूनच इंग्रजीत ऐटबाज या अर्थाचा एक शब्द निघाला असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. कंपनीच्या तिकिटांवर तसा शिक्का असल्याचा पुरावा मात्र आजवर कोणाला मिळालेला नाही. खोलीसंबंधीच्या पुष्कळ समजुती अशाच असतात.

तेव्हा जवाहर चौकातल्या त्या दांपत्याने काय करावे? प्रवास दोन रात्रींचा असेल आणि बाईंना घाटात गाडी लागत असेल, तर मध्यभागी, मधल्या किंवा खालच्या मजल्यावर, बाजूस खिडकी असलेली खोली घ्यावी. कोकणचा किनारा पाहावयाचा असेल तर जाताना डाव्या बाजूची; पण तो जाताना अंधारातच जावयाचा, तेव्हा सूर्यास्तासाठी उजवी बाजू घेतली तरी हानी नाही. वाचलेल्या पैशांत गोव्यात एक दिवस अधिक राहता येईल. आणि गृहस्थांनी पहाटे गजर लावून, कानटोपी घालून, प्रवाशांना मोकळ्या असलेल्या पुढच्या डेकवर जावे. कप्तानाला जे दिसते ते तेथून दिसते, आणि त्याचे वेगळे भाडे पडत नाही. मात्र असा डेक त्या बोटीवर आहे काय, आणि पहाटे तो उघडा असतो काय, हे आधी विचारून घ्यावे; प्रत्येक बोटीची रीत निराळी.

नाळेचीच खोली घेण्याचे ठरले, तर प्रवासी कंपनीच्या माणसाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. खिडकी उघडते की बंद असते? सज्जा असल्यास कठडा काचेचा की पत्र्याचा? वर काय आहे, खाली काय आहे? नकाशात खोलीच्या वर कोरा भाग दिसला तर ते स्वयंपाकघर किंवा सामानाची जागा असू शकते, आणि तेथे रात्री दोन वाजताही गाड्या सरकतात. शेवटी सर्वांत महत्त्वाचे: खोलीचा क्रमांक तिकिटावर आताच लिहून मिळतो काय? स्वस्त तिकिटांत पुष्कळदा फक्त वर्ग ठरलेला असतो आणि क्रमांक सुटण्याच्या सुमारास दिला जातो. अशा तिकिटावर मध्यभाग मागितलेला मनुष्य नाळेवर जाऊन पडू शकतो. क्रमांकासाठी थोडे अधिक मागितले, तर ते द्यावेत, आणि पावती घ्यावी.